शिखरांचे रण, नभाचे बळ

कारगिलचा विजय म्हटला, की सर्वसामान्य भारतीयाच्या मनश्चक्षूंपुढे एक उभा कडा येतो. त्या कड्यावरून रात्रीच्या अंधारात दोराच्या आधाराने वर सरकणारे जवान येतात आणि पायथ्याशी गर्जणाऱ्या बोफोर्स तोफा येतात. हे चित्र खोटे नाही. ५२७ वीरांनी ज्या पर्वतांवर देह ठेवला, त्या पर्वतांचा ताबा शेवटी पायदळाच्या बुटांनीच घेतला. तथापि हे चित्र अपुरे आहे. त्यात आकाश रिकामे दिसते. १९९९ च्या मे ते जुलै या काळात ते आकाश रिकामे नव्हते, आणि १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र ते खरोखरच रिकामे होते. या दोन आकाशांमधील अंतर मोजले, तर हिमालयाच्या संरक्षणाचा अर्धा अभ्यासक्रम पूर्ण होईल. भूदलाला किती श्रेय आणि हवाई दलाला किती, असल्या वाटण्यांत पडण्याचे कारण नाही. त्या वाटण्या निवृत्त सेनानींच्या लेखांतून आणि आत्मचरित्रांतून पुष्कळ झाल्या आहेत.

उंच पर्वतातील हवाई युद्ध हे मैदानावरील हवाई युद्धाचेच जरा वर उचललेले रूप आहे, असा समज सार्वत्रिक आहे. तो मुळातच चुकीचा आहे. लडाखची यात्रा करून आलेल्या मराठी कुटुंबांना एक अनुभव हमखास असतो: लेहची विमाने बहुतांशी सकाळीच का असतात, याचा उलगडा त्यांना तेथे गेल्यावर होतो. दुपार चढू लागली, की ऊन तापते, वारे सुटतात आणि आधीच विरळ असलेली हवा अधिकच विरळ होते. लेहचा विमानतळ सुमारे साडेदहा हजार फुटांवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के. विमानाच्या पंखांना उचलून धरणारी हवा कमी, इंजिनात जाळण्यासाठी मिळणारी हवाही कमी. म्हणून धावपट्टी लांब हवी, वेग जास्त हवा आणि ओझे मात्र कमी हवे. प्रवासी विमानाच्या बाबतीत याचा अर्थ चार आसने रिकामी ठेवणे एवढाच असेल. लढाऊ विमानाच्या बाबतीत याचा अर्थ बाँब किंवा इंधन यांपैकी एक काहीतरी खाली उतरवणे असा होतो.

हे झाले उड्डाणाचे. लक्ष्यभेदाची कथा याहून बिकट. विरळ हवेत बाँबला होणारा अवरोध घटतो, त्यामुळे तो नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे पडत नाही, पुढे जातो. विमानांतील नेम साधणारी यंत्रे सपाटीवरील हवेचे गणित गृहीत धरून बनवलेली. मैदानात पन्नास मीटरची चूक झाली, तरी रणगाड्यांच्या ताफ्यात कोठेतरी हानी होतेच. धारदार कण्यासारख्या डोंगररांगेवर तीच चूक बाँबला पलीकडच्या हजार फूट खोल दरीत नेऊन टाकते, आणि दगड रचून केलेल्या मोर्चात बसलेल्या शत्रूच्या केसालाही धक्का लागत नाही. भर म्हणून बर्फाचा चकचकाट आणि सावल्यांचा खेळ. वैमानिकाने वीस-पंचवीस सेकंदांत, ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाताना, चार दगडांचा एक ढिगारा शेकडो ढिगाऱ्यांतून ओळखायचा असतो.

शिवाय वर बसलेला शत्रू. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माचीवरून लोटलेली धोंड खालच्या सैन्यावर काय अनर्थ करते, हे मराठी मुलखाला ठाऊक आहे. कारगिलमध्ये त्या धोंडीच्या जागी खांद्यावरून डागता येणारे क्षेपणास्त्र होते. अशा क्षेपणास्त्राचा पल्ला मैदानात मर्यादित असतो. पण ते घेऊन माणूस सोळा-सतरा हजार फुटांवरील शिखरावर बसला, की त्याच्या पल्ल्यात शिखराची उंची आपोआप मिळवली जाते. जे विमान मैदानावर सुरक्षित उंचीवरून गेले असते, तेच येथे शत्रूच्या समोरून, प्रसंगी त्याच्या खालून जाते.

या साऱ्याची किंमत भारताने तीन दिवसांत मोजली. घुसखोरीची पहिली वार्ता ३ मे १९९९ ला आली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली. त्या उंचीवर हेलिकॉप्टरे सहज सावज ठरतील, आणि हवाई शक्ती वापरायची तर त्यासाठी राजकीय नेतृत्वाची स्पष्ट अनुमती हवी, अशी हवाई दलाची भूमिका होती. हवाई दलप्रमुख होते अनिल यशवंत टिपणीस. त्यांची भूमिका आणि भूदलाची निकड यांत किती दिवस गेले, कोणाचे किती चुकले, यावर पुढे बरीच शाई खर्ची पडली. टिपणीस यांनी लिहिले, भूदलप्रमुख वेदप्रकाश मलिक यांनी लिहिले. दोन्ही बाजू वाचल्यावर एक गोष्ट नाकारता येत नाही: हेलिकॉप्टरांविषयी हवाई दलाने दिलेला इशारा दुर्दैवाने खरा ठरला, आणि निर्णयास लागलेला विलंब भूदलाच्या जवानांना महागात पडला. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असूनही राष्ट्राची हानी होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २५ मे रोजी अनुमती दिली, मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, या अटीवर. २६ मे रोजी 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू झाले. तत्पूर्वीच, २१ मे रोजी टेहळणीस गेलेल्या एका कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागले होते आणि ते एका इंजिनावर कसेबसे श्रीनगरला उतरले होते. तो इशारा पुरेसा ठरला नाही. २७ मे रोजी रॉकेटे डागल्यानंतर फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले. ते हवाईछत्रीने उतरले आणि शत्रूच्या हाती लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांची सुटका झाली. सहकाऱ्याचा शोध घेण्यासाठी त्या टापूतच थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले. आहुजा परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले आणि त्यातील चौघेही हुतात्मा झाले.

एखादे दल असे तीन घाव बसल्यावर मागे सरले असते. भारतीय हवाई दलाने डावपेच बदलले. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरे काढून घेण्यात आली. जखमींना खाली आणणे आणि रसद वर नेणे, हे त्यांचे काम अखंड चालू राहिले. विमाने क्षेपणास्त्रांच्या आवाक्याबाहेर, अधिक उंचीवर गेली. उंचीवरून नेम आणखी कठीण होतो, म्हणून नवे उपाय शोधले गेले. मिग-२१ सारख्या जुन्या विमानांत दिशादर्शनाची आधुनिक यंत्रे नव्हती. तेव्हा वैमानिकांनी हातात मावणारे जीपीएस यंत्र आणि साधे स्टॉपवॉच यांच्या साहाय्याने, रात्रीच्या काळोखात बाँबफेक केली. त्यांपैकी एका स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे बीरेंद्रसिंग धनोआ पुढे हवाई दलप्रमुख झाले. ही कल्पकता कौतुकास्पद खरीच. पण अण्वस्त्रधारी राष्ट्राच्या वैमानिकाला बाजारात मिळणाऱ्या यंत्रावर विसंबावे लागले, ही गोष्ट कौतुकाबरोबरच अस्वस्थही करते.

निर्णायक ठरली ती मिराज-२००० विमाने. त्यांतील संगणक अधिक सक्षम होते. इस्रायली बनावटीचे लक्ष्यदर्शक यंत्र आणि लेझर-निर्देशित बाँब त्यांना घाईघाईने, प्रत्यक्ष लढाई चालू असताना जोडण्यात आले. १७ जून रोजी बटालिक क्षेत्रातील मुन्थो ढालो येथील शत्रूचा रसदतळ मिराजांनी उद्ध्वस्त केला. त्यासाठी साधेच बाँब वापरले होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. कारण तळ हे विस्तृत लक्ष्य असते, एकेका मोर्चासारखे नखाएवढे नसते. पर्वतयुद्धाचे मर्म नेमके येथे आहे. शिखरावर बसलेला सैनिक स्वतःच्या पाठीवरील अन्नावर आणि दारूगोळ्यावर फार दिवस टिकत नाही. गडाची शिबंदी कितीही शूर असली, तरी दाणागोटा संपला की गड पडतो. मोर्चावर दहा बाँब टाकण्यापेक्षा त्याला पोसणाऱ्या तळावर दोन टाकणे अधिक फलदायी, हा धडा हवाई दलाने कारगिलच्या पहिल्या पंधरवड्यात रक्त सांडून शिकला.

२४ जूनला टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर लेझर-निर्देशित बाँब पडले. त्या वेळी एका मिराजमधून स्वतः हवाई दलप्रमुख टिपणीस ती कामगिरी पाहत होते. त्यानंतर दहा दिवसांनी, ४ जुलै रोजी, भूदलाने टायगर हिल जिंकले. हे दहा दिवस विसरू नयेत. बाँबने शिखर जिंकले जात नाही. तोफखान्याचा मारा, हवाई दलाचा मारा आणि मग उभ्या कड्यावरून चढणारा जवान, ही साखळी आहे. यातील एकही कडी गाळली, तर हुतात्म्यांची संख्या वाढते.

नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या अटीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. जगाच्या नजरेत भारताची बाजू स्वच्छ राहिली आणि पाकिस्तान एकटा पडला, हा त्या संयमाचा लाभ होता आणि तो मान्य केलाच पाहिजे. परंतु त्या लाभाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. विरळ हवेत वेगवान विमानाला वळायला मोठे वर्तुळ लागते. सीमेच्या अगदी काठावरील शिखरावर हल्ला करायचा आणि वळताना रेषेपलीकडे जायचे नाही, म्हणजे हल्ल्याच्या दिशा मोजक्याच उरतात. त्या दिशा शत्रूलाही कळतात.

आता १९६२. त्या वर्षी भारताकडे हंटर होती, मिस्टेअर होती, कॅनबेरा बाँबफेकी विमाने होती. भारतीय तळ आसाम आणि पंजाबच्या सखल भागात होते, म्हणजे विमान पूर्ण ओझ्यानिशी उडू शकत होते. तिबेटात चीनची परिस्थिती अगदी उलट. विमानतळ मोजके, अतिउंचीवरील, इंधन शेकडो मैलांवरून आणावे लागणारे. शिवाय रशियाशी बिनसल्यामुळे सुट्या भागांचा पुरवठा आटत चाललेला. तरीही दिल्लीत निर्णय झाला, की लढाऊ विमाने वापरायची नाहीत. चीनचे बाँब कलकत्त्यावर पडतील, अशी भीती घातली गेली. चीनच्या हवाई शक्तीविषयी गुप्तचर खात्याचे अंदाज फुगवलेले होते, आणि अमेरिकी राजदूत गालब्रेथ यांचा सल्लाही वापर करू नका असाच होता. हवाई दलाच्या सेनानींना या चर्चेत कितपत विचारले गेले, हा प्रश्न पुढील पिढ्यांनी वारंवार उपस्थित केला आहे.

नेफाच्या दाट जंगलात विमानांना लक्ष्ये दिसली नसती, असा एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. नामका चूच्या खोऱ्यात झाडीत दडलेल्या चिनी तुकड्यांवर वरून नेम धरणे दुष्करच होते. परंतु त्या तुकड्यांना पोसणारे मार्ग थागला आणि बुमलाच्या पलीकडे, उघड्या तिबेटी पठारावरून येत होते. तेथे झाड नाही, आडोसा नाही. लडाखमध्ये तर दोन्ही बाजूंनी नुसते उघडे वाळवंट. मुन्थो ढालोला जे १९९९ मध्ये साधले, ते १९६२ मध्ये त्या काळच्या साधनांनीही काही अंशी साधले असते.

हवाई दलाची वाहतूक शाखा मात्र त्या युद्धात जिवाची पर्वा न करता राबत होती. चुशुलच्या चौदा हजार फुटांवरील धावपट्टीवर एएन-१२ विमानांनी रणगाडे उतरवले. त्सांगधर येथे विमानांतून टाकलेल्या रसदेचा मोठा भाग दऱ्यांत गेला आणि खाली जवान अर्धपोटी, उन्हाळी गणवेशात लढत राहिले. अशा स्थितीत १९ नोव्हेंबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पत्रे लिहून लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वाड्रनची मागणी केली. स्वतःची विमाने तळांवर उभी, आणि परक्याकडे विमानांची याचना! स्वतंत्र भारताच्या संरक्षण-इतिहासात याहून केविलवाणे पत्र सापडणे कठीण. ५० वर्षांनी, २०१२ मध्ये, तत्कालीन हवाई दलप्रमुख ब्राउन यांनी हवाई दलाला आक्रमक भूमिका दिली असती, तर युद्धाचा निकाल वेगळा लागला असता, असे जाहीरपणे सांगितले.

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे तेव्हा महाराष्ट्रात म्हटले गेले. कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे मुसंडी मारत असताना हवाई दल वापरण्याची मागणी त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमाने लक्ष्यावर होती. छांब हा उंच पर्वत नव्हे. पण १९६२ मध्ये आठवडेच्या आठवडे जो निर्णय झाला नाही, तो एका संरक्षणमंत्र्याने मिनिटांत घेतला, ही तुलना टाळता येत नाही.

वास्तविक या परंपरेचा आरंभ भीरुतेचा नव्हताच. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांतून शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली म्हणून काश्मीरचे खोरे वाचले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन, कोणत्याही नकाशावर न आखलेल्या मार्गाने, लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले. लेह भारतात राहिले, याचे एक कारण ते उड्डाण आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनच्या बिलाफोंड ला खिंडीत चीता हेलिकॉप्टरांनी जवान उतरवले आणि ती उंची आजतागायत भारताच्या हाती आहे. जेव्हा जेव्हा हवाई दलाला आधी पोहोचू दिले गेले, तेव्हा तेव्हा भूमी राखली गेली.

आजचा प्रतिस्पर्धी मात्र १९६२ चा नाही. भूगोल अजूनही भारताच्या बाजूने आहे. ल्हासाचा विमानतळ सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, न्गारीचा चौदा हजारांवर. तेथून उडणारे चिनी विमान अपुऱ्या ओझ्यानिशीच उडते, तर अंबाला किंवा तेजपूरहून उडणाऱ्या भारतीय विमानाला ही अडचण नाही. परंतु चीनने भूगोलावर पैशाचा आणि पोलादाचा उतारा शोधला आहे. अधिक लांब धावपट्ट्या, विमानांसाठी भक्कम आश्रयस्थाने, हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रे, आणि भारतीय धावपट्ट्यांवर दुरून मारा करू शकणारे स्वतंत्र क्षेपणास्त्र दल. २०१७ च्या डोकलाम संघर्षानंतर या बांधकामांना विशेष वेग आला. तळ सखल भागात असल्याचा लाभ धावपट्टी शाबूत असेपर्यंतच आहे, हे दिल्लीतील धोरणकर्त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

भारतानेही काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दौलत बेग ओल्डी येथील १६ हजार फुटांहून उंच धावपट्टीवर ४३ वर्षांच्या खंडानंतर ३१ मे २००८ रोजी एएन-३२ उतरले, आणि २०१३ मध्ये अवजड सी-१३० जे. गलवानमधील जून २०२० च्या रक्तरंजित चकमकीनंतर हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक सैनिक आणि सुमारे ९० रणगाडे पूर्व लडाखमध्ये नेल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. चुशुलला सहा दशकांपूर्वी जे मूठभर रणगाड्यांनी केले, तेच काम येथे शतपटीने झाले, आणि चीनला त्याची दखल घ्यावी लागली. न्योमा येथील सुमारे १३,७०० फुटांवरील धावपट्टी लढाऊ विमानांसाठी सिद्ध होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये हवाई दलाच्या सेवेत आली.

तथापि वेगाचा हिशेब मांडला, की समाधान ओसरते. कारगिलमध्ये मोठ्या उंचीवर लढू शकणारे हेलिकॉप्टर नाही, हे मे १९९९ मध्ये चार वीरांच्या बलिदानाने कळले. ती उणीव भरून काढणारे 'प्रचंड' हे स्वदेशी हेलिकॉप्टर हवाई दलात दाखल झाले ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधे गेली २३ वर्षे. १५६ 'प्रचंड' घेण्याचा मोठा करार व्हायला मार्च २०२५ उजाडावा लागला. सियाचीनचा भार वाहणाऱ्या चीताचा मूळ आराखडा अर्धशतकाहून जुना आहे, आणि तिच्या जागी यावयाचे हलके हेलिकॉप्टर वर्षानुवर्षे लांबणीवर पडत आले. लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर त्यांची संख्या २९ वर आली. दोन आघाड्यांवर एकाच वेळी झुंजण्याची भाषा करणाऱ्या राष्ट्राला ही संख्या शोभणारी नाही. त्यातही कोणताही पक्ष सत्तेवर असो, ही घसरण दोन दशकांहून अधिक काळ चालूच राहिली, म्हणून एकमेकांकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उरतो तो निर्णयाचा प्रश्न. संरक्षणदल-प्रमुखांचे पद जानेवारी २०२० पासून अस्तित्वात आहे. भूदलाने मागावे, हवाई दलाने आक्षेप घ्यावा आणि मधल्या तीन आठवड्यांत शत्रूने मोर्चे पक्के करावेत, हे पुन्हा घडू नये म्हणूनच ते निर्माण झाले. पर्वतातील कोणत्या घुसखोरीला कोणत्या तासाला हवाई उत्तर द्यायचे, त्यासाठी अनुमती कोणाची आणि रेषेच्या कोणत्या अंतरापर्यंत, हे शांततेच्या काळातच लेखी ठरलेले असले पाहिजे. शिखरावर बर्फ वितळू लागल्यानंतर हा विचार सुरू करण्यास १९९९ मध्ये किती उशीर झाला होता, ते अजय आहुजा आणि तोलोलिंगवर पडलेल्या त्या हेलिकॉप्टरमधील चौघांच्या कुटुंबीयांना विचारावे.